कुवेतमधले सहा दिवस आणि कलम १०७

दिवस पहिला : गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवल्यामुळे कोणत्याही देशाला जाण्याआधी तिथला नकाशा पाहण्याऐवजी तिथली राज्यघटना चाळायची खोड मला लागली आहे. भाची चौदा वर्षांपासून कुवेतमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि "मावशी, थंडी आहे तोवर येऊन जा, मार्चला रमजान लागेल आणि एप्रिलनंतर तुला घराबाहेर पडवणार नाही," असे दर वर्षी सांगते. या वर्षी मी एकदाची निघाले, परंतु त्याचे कारण थंडी नव्हते. १० मे २०२४ रोजी कुवेतचे अमीर शेख मिशाल अल-अहमद अल-सबाह यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून तेथील राष्ट्रसभा बरखास्त केली आणि घटनेतील काही कलमे 'चार वर्षांहून अधिक नाही' इतक्या मुदतीसाठी स्थगित केली. ही सभा जेमतेम महिन्यापूर्वी, ४ एप्रिलला निवडून आलेली होती आणि तिची पहिली बैठक १४ मे रोजी भरायची होती. मतदारांनी निवडलेले पन्नास सदस्य आपापल्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत. जिथे निवडणूक रद्द झालेली नाही, हरलेलीही नाही, नुसती पुढे गेली आहे आणि पुढे म्हणजे कधी हे कोणाला ठाऊक नाही, तो देश आतून कसा दिसतो हे मला पाहायचे होते.

मुंबईहून विमानाला चार तास लागतात. कुवेतच्या विमानतळावर हिरव्या, पांढऱ्या, लाल आणि काळ्या झेंड्यांची इतकी दाटी होती की छतही दिसेना, कारण २५ फेब्रुवारीला राष्ट्रीय दिन आणि २६ ला मुक्तिदिन असतो. जावयांनी मुद्दाम वळसा घेऊन गाडी समुद्राकाठच्या गल्फ रोडवरून नेली. सीफ राजवाड्यावर रोषणाई होती. पुढे थोड्याच अंतरावर, तंबूचे कापड दोन खांबांमध्ये टांगून मध्ये सैल सोडावे तशा काँक्रीटच्या छताची एक पांढरी इमारत अर्धवट उजेडात उभी होती. भाची मागे वळून म्हणाली, "मावशी, ही तुझी संसद." जावई नुसते हसले आणि गाडीचा वेग त्यांनी कमी केला नाही.

दिवस दुसरा : शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शुक्रवार हा इथला सुट्टीचा दिवस, म्हणून दुपारची नमाज आटोपल्यावर मुबारकिया बाजारात गेलो. खजुरांचे ढीग, केशर, ऊद, वाळवलेली लिंबे आणि मासे यांचा मिळून जो वास येतो, तो मला क्रॉफर्ड मार्केट आणि भाऊचा धक्का एका पिशवीत भरल्यासारखा वाटला. ही तुलना अगदीच हवेतली नाही. तेल सापडण्यापूर्वी कुवेत मोती आणि गलबते यांच्यावर जगत असे, मोती मुंबईत विकले जात, गलबतांसाठी सागवान मलबारातून येई, आणि कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत असत. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथे भारतीय रुपयाच चालत होता. एका म्हाताऱ्या खजूरवाल्याने मला भाव सांगताना पैशाला 'बेजात' म्हटले आणि वाट विचारल्यावर हात पुढे करून 'सीदा' म्हणाला, तेव्हा भाषांतराची गरजच उरली नाही.

बाजाराच्या मध्यभागी कुवेतचे एके काळचे राज्यकर्ते मुबारक शेख यांचा जुना कट्टा जपून ठेवला आहे. शेख तिथे बसून लोकांचे तंटे ऐकत असत. त्या अरुंद खोलीत मी जरा जास्तच रेंगाळले, कारण कुवेतच्या संसदेची गोष्ट खरे तर याच बाजारात सुरू होते. राजघराण्याच्या हातात सत्ता होती, पण जकात भरणारे आणि अडीअडचणीला पैसे पुरवणारे व्यापारी होते. १९३८ च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे दीडशे कुटुंबप्रमुखांनी चौदा जणांची एक मजलिस निवडली. तिने जकात, शाळा, न्यायव्यवस्था यांत हात घातला आणि तेलाच्या उत्पन्नाकडे तिची नजर वळताच, सहा महिन्यांच्या आत ती मोडण्यात आली. त्या मजलिसचे अध्यक्ष होते राजघराण्यातलेच शेख अब्दुल्ला अल-सालेम. पुढे १९५० मध्ये ते स्वतः अमीर झाले आणि ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, घटना मंजूर झाली. आजच्या संसदेच्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. मोडलेल्या सभेचा अध्यक्ष पुढे राजा होऊन नवी सभा उभारतो, असे दुसरे उदाहरण मला वर्गात शिकवताना कधी सापडले नव्हते.

रात्री भाचीच्या स्वयंपाकघरात घटनेचे इंग्रजी भाषांतर पुन्हा उघडून बसले. कलम १०७ सांगते की अमीर कारणे देऊन राष्ट्रसभा बरखास्त करू शकतात, त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा करू शकत नाहीत, आणि बरखास्तीपासून दोन महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. मला खरा दम वाटतो तो पुढच्या वाक्यात. दोन महिन्यांत निवडणूक झाली नाही, तर बरखास्त केलेली सभा आपोआप जिवंत होते, तिला सगळे अधिकार परत मिळतात आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात तिने ताबडतोब कामाला लागायचे असते. हे कलम लिहिणाऱ्याला राज्यकर्त्यांचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे. म्हणूनच कुवेतमध्ये निवडणूक लांबवायची तर नुसती तारीख पुढे ढकलून भागत नाही. आधी हे कलमच बाजूला काढून ठेवावे लागते. १९७६ मध्ये ते काढले, १९८६ मध्ये काढले आणि २०२४ मध्ये पुन्हा काढले.

दिवस तिसरा : शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी एकटीच टॅक्सी करून संसदेपाशी गेले. समोर समुद्र, बाजूला राष्ट्रीय संग्रहालय, आणि मध्ये ही इमारत. सिडनीच्या ऑपेरा हाउसची रचना करणारे डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्झन यांनी हिचा आराखडा केला. दुरून नाजूक दिसणारे छत जवळ गेल्यावर अवाढव्य वाटते. खांब खाली जाड असून वर निमुळते होत जातात, आणि त्यांच्यावर टांगलेल्या काँक्रीटच्या पन्हळी इतक्या हलक्या बाकाने खाली झुकतात की वाऱ्याने आता हलतील असा भास होतो. त्या छताखाली मोठे मोकळे अंगण आहे. वाळवंटातल्या बेदुइन भटक्यांच्या प्रमुखाने तंबूच्या सावलीत बसून आल्यागेल्याचे ऐकावे, तशी लोकांनी आणि राज्यकर्त्यांनी एकत्र येण्याची जागा म्हणून ते ठेवले आहे. कुंपणाच्या गजांमधून मी पाहिले तेव्हा त्या सावलीत एक माळी रबरी नळीने फरशी धूत होता. पाणी उतारावरून वाहत कुंपणापर्यंत आले आणि माझ्या चपलांपाशी थांबले. पहारेकऱ्याने नम्रपणे पुढे चालण्याची खूण केली. मी छायाचित्र काढले नाही. काढले असते तर कदाचित काही बिघडले नसते, पण परदेशात शिक्षिकेचे धाडस मर्यादित असते.

या इमारतीचे नशीबही तिच्यातल्या संस्थेसारखेच आहे. आराखडा पसंत झाला आणि काम पुढे सरकेपर्यंत, २९ ऑगस्ट १९७६ रोजी, राष्ट्रसभाच बरखास्त झाली. इमारत वापरासाठी तयार झाली, सभा पुन्हा भरू लागली आणि ३ जुलै १९८६ रोजी दुसऱ्यांदा कुलूप लागले. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने ती जाळली, मग ती डागडुजी करून पुन्हा उभी केली गेली.

१९७६ हे साल वाचताना मी दर वेळी अडखळते. मी तेव्हा नाशिकला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होते आणि आणीबाणी चालू होती. १९७१ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. ती संसदेनेच कायदा करून एक वर्षाने आणि पुढे आणखी एक वर्षाने वाढवली. आमचे वडील टपाल खात्यात होते. त्यांनी जेवताना "यंदा मतदान नाही, पुढच्या वर्षी बघू," असे इतक्या साध्या आवाजात सांगितले होते, की घरातल्या कोणाचे तरी लग्न पुढे ढकलल्यासारखे मला वाटले. आपल्या घटनेत आणीबाणी असताना सभेची मुदत वाढवण्याची वाट आधीच ठेवलेली होती. कुवेतच्या घटनेत ती फक्त युद्धकाळापुरती आहे, आणि कलम १८१ म्हणते की लष्करी कायदा लागू असतानाही राष्ट्रसभेच्या बैठका थांबवता येणार नाहीत. आमच्याकडे दारातून बाहेर पडले, इथे भिंत पाडावी लागली. आमच्याकडे मात्र १९७७ च्या जानेवारीत तारीख जाहीर झाली आणि मार्चमध्ये मतदान झाले. कुवेतला त्या वेळी १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले, आणि निवडणूक झाली तीसुद्धा दहाऐवजी पंचवीस मतदारसंघ अशी नवी आखणी करून. लांबलेली निवडणूक जुन्याच नियमांनी परत येत नाही, हा धडा कुवेतने एकदा नव्हे, अनेकदा गिरवला आहे.

रस्त्यापलीकडे इरादा चौक आहे. गवत, खजुराची झाडे आणि बाके यांच्यामुळे तो चौक कमी आणि बाग जास्त वाटतो. २०११ मध्ये इथे हजारो लोक जमत होते, आणि १६ नोव्हेंबरच्या रात्री त्यातला एक जमाव थेट सभागृहात शिरला. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधान शेख नासेर यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी एका मतदाराला चार मते देण्याची पद्धत अमिरांच्या हुकुमाने बदलून एकच मत देण्याची केली गेली, तेव्हाही शहराने मोठे मोर्चे पाहिले. मी बसले होते तेव्हा दोन फिलिपिनो आया बाबागाड्या घेऊन गप्पा मारत होत्या आणि एक मांजर त्यांच्या डब्याभोवती घुटमळत होते.

दिवस चौथा : रविवार, २३ फेब्रुवारी

आज कामाचा वार, त्यामुळे दिवस घरातच गेला आणि संध्याकाळी भाचीच्या ओळखीची चार मराठी कुटुंबे जेवायला आली. कोणी तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे, कोणी बँकेत, एक जण शाळेत गणित शिकवणारे. पिठले, भाकरी आणि ठेचा यांचा बेत होता. मी संसदेचा विषय काढला, तेव्हा प्रथम सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग बँकेतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, आम्हाला बरंच वाटलं."

मला हे उत्तर अनपेक्षित होते, पण त्यांची बाजू ऐकल्यावर गप्प बसावे लागले. देशात राहणाऱ्या सुमारे पन्नास लाख लोकांपैकी कुवेती नागरिक पंधरा लाखांच्या आसपास आहेत आणि भारतीय दहा लाखांच्या घरात. मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना, तोही एकविसाव्या वर्षानंतर. त्यामुळे निवडणुका आल्या की परदेशी माणसांवर तोंडसुख घेणे हा मते मिळवण्याचा सोपा मार्ग असे. त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर कर लावा, त्यांना सरकारी दवाखाने बंद करा, त्यांची संख्या कमी करा, अशा मागण्या सभागृहात वारंवार होत. २०२० मध्ये तर भारतीयांची संख्या कुवेती लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये अशा विधेयकाचा मसुदा घटनेशी सुसंगत असल्याचे संसदेच्या कायदेविषयक समितीने म्हटले होते. "त्या जुलैत आम्ही सामानाचे खोके मोजत होतो," असे गणिताचे शिक्षक म्हणाले. ज्या सभागृहाबद्दल मी हळहळत होते, त्याने या माणसांची झोप उडवली होती.

मग शाळेतल्या शिक्षकांच्या पत्नींनी मांगाफचा विषय काढला. १२ जून २०२४ रोजी, बरखास्तीला जेमतेम महिना झाला असताना, मांगाफ भागातील कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि जवळपास पन्नास माणसे मेली. त्यांतले बहुतेक भारतीय होते. सरकारने तपास केला, काही जणांना पकडले, बेकायदा खोल्यांवर धडक मोहीमही काढली. पण इतकी माणसे एका इमारतीत कशी कोंबली गेली हे एखाद्या मंत्र्याला उभे करून, सगळ्यांसमोर, नोंद ठेवून विचारणारे सभागृह त्या जूनमध्ये नव्हते. असते तर त्याने विचारले असते की नाही, यावर त्या रात्री आमच्यात एकमत झाले नाही. बँकेतल्या गृहस्थांच्या मते विचारलेच नसते. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

दिवस पाचवा : सोमवार, २४ फेब्रुवारी

या प्रवासातला जो दिवस मी कधी विसरणार नाही, तो आजचा. भाचीकडे गुडघ्याच्या उपचारासाठी येणाऱ्या एका निवृत्त कुवेती मुख्याध्यापिकेने आम्हा दोघींना चहाला बोलावले होते. इथल्या मुली शिक्षिकेला 'अबला' म्हणतात हे कळल्यावर मला आधी हसू आले. आपल्या 'अबले'चा अर्थ मी त्यांना सांगितला, तेव्हा त्या माझ्याहून जास्त हसल्या. आपण शाळेत 'बाई' म्हणतो त्याच आदराचा तो शब्द आहे. मी त्यांना इथे अबलाबाई असेच म्हणते.

घर दुमजली, पिवळसर दगडाचे. फाटकातून आत जाताच उजव्या हाताला स्वतंत्र दरवाजा असलेली लांबट खोली लागते, ती घराची दीवानिया. आपल्या दिवाणखान्याचीच ही बहीण, फक्त तिच्यात घरातले पुरुष रोज संध्याकाळी मित्रमंडळी घेऊन बसतात आणि दार ओळखीच्या कोणालाही उघडे असते. भिंतीलगत चारही बाजूंनी बैठका, मधोमध मोकळा गालिचा, कोपऱ्यात चहाची शेगडी. कुवेतचे राजकारण संसदेच्या इमारतीपेक्षा अशा खोल्यांत जास्त घडले आहे. उमेदवार इथे फिरून मते मागत, सरकारला विरोध करणारे इथे जमत, आणि जमाव म्हणून बंदी घालावी तर घरात बसलेल्या पाहुण्यांवर बंदी कशी घालणार, ही पोलिसांची अडचण असे.

आम्ही आतल्या बैठकीत बसलो. पितळी दल्ल्यातून, म्हणजे अरबी किटलीतून, वेलदोड्याची फिकट कॉफी आली. तिसऱ्या पेल्यानंतर नको असेल तर पेला हलवून परत द्यायचा असतो, हे भाचीने मला डोळ्याने सांगितले. आज सोमवार आहे असे मी म्हणताच अबलाबाईंनी पेला खाली ठेवला. १९८६ मध्ये संसद बंद झाल्यावर तीन वर्षांनी, डिसेंबर १९८९ पासून, माजी सदस्यांनी दर सोमवारी वेगवेगळ्या दीवानियांमध्ये बैठका सुरू केल्या होत्या. मागणी एकच होती, १९६२ ची घटना परत लागू करा. बरखास्त सभेचे अध्यक्ष अहमद अल-सादून त्यात पुढे होते. लोक इतके येत की रस्ते भरत, मग पोलीस ते अडवू लागले आणि जानेवारीत लाठ्या आणि अश्रुधूर आला. "माझा भाऊ त्या रात्री उशिरा घरी आला आणि आईने त्याचे डोळे गुलाबपाण्याने धुतले," अबलाबाई म्हणाल्या. "मी तेव्हा नवी शिक्षिका होते. सकाळी वर्गात गेले तर निम्म्या मुलींनी मला विचारले, तुमच्या घरी कोण गेले होते?"

सरकारने त्यावर तोड काढली ती राष्ट्रीय परिषदेची. पन्नास निवडलेले, पंचवीस नेमलेले आणि कायदे करण्याचा अधिकार नाही. १० जून १९९० ला तिची निवडणूक झाली, विरोधकांनी बहिष्कार घातला, आणि २ ऑगस्टला सद्दामचे सैन्य आत आले. त्या ऑक्टोबरमध्ये परागंदा राजघराणे आणि विरोधक जेद्दा येथे एकत्र बसले, तेव्हा राजघराण्याने मुक्तीनंतर घटना परत आणण्याचे वचन दिले, आणि ५ ऑक्टोबर १९९२ रोजी सहा वर्षे रखडलेली निवडणूक झाली. राजघराण्याला आपल्याच लोकांच्या मान्यतेची गरज भासली ती देश हातातून गेल्यावर, असे मी म्हटले. अबलाबाईंनी त्यावर काही उत्तर दिले नाही, माझ्या ताटलीत आणखी एक खजूर ठेवला.

त्यांनी स्वतः पहिले मत दिले ते २९ जून २००६ रोजी. मे २००५ मध्ये स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा याच राष्ट्रसभेने, पुष्कळ वर्षे अडवून धरल्यानंतर, संमत केला होता. "त्यांनी दिला हेही खरे आणि त्यांनीच अडवला हेही खरे," त्या म्हणाल्या. मतदान शाळेतच होते, बायकांचे वेगळे केंद्र, त्यामुळे ज्या वर्गात त्या शिकवत त्याच इमारतीत त्यांनी मत टाकले. मग उठून त्यांनी आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक जुने, काळ्या कव्हराचे पुस्तक आणले. हे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, ज्याला इथे 'जिन्सिया' म्हणतात. मत देताना तेच दाखवावे लागे. कडा झिजलेल्या होत्या, शिवण एका ठिकाणी चिकटपट्टीने सांधली होती, आणि आतल्या छायाचित्रात तरुण अबलाबाई कॅमेऱ्याकडे रागाने पाहत होत्या. "दर निवडणुकीला ते पर्समध्ये असायचे. आता कपाटात कुलपात असते," एवढेच त्या म्हणाल्या. गेल्या वर्षभरात हजारो लोकांचे नागरिकत्व काढून घेतले गेले आहे. त्यांत कुवेती पुरुषांशी लग्न करून नागरिक झालेल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. यांच्या ओळखीत कोणी आहे का, असे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. त्यांनी पिशवीला गाठ मारताना दोनदा घट्ट केली, ते मात्र मी पाहिले.

अबलाबाई संसदेच्या आंधळ्या भक्त नाहीत, हे सांगितले पाहिजे. २००६ ते २०२४ या अठरा वर्षांत कुवेतने अकरा सार्वत्रिक निवडणुका केल्या. सभा बरखास्त व्हायची, नाहीतर घटनात्मक न्यायालय निवडणूकच रद्द ठरवायचे. सरकारला कर्ज काढण्याची परवानगी देणाऱ्या कायद्याची मुदत २०१७ मध्ये संपली आणि सभागृहाने नवा कायदा होऊ दिला नाही. शेजारी दुबई आणि दोहा वाढत गेले आणि इथे प्रत्येक मोठी योजना जाबजबाबात अडकली. "आम्ही थकलो होतो. त्या भाषणाच्या रात्री माझ्या मुलाने पेढे, म्हणजे आमची मिठाई, आणली होती," त्या म्हणाल्या. शिवाय पुष्कळ सदस्य म्हणजे इथल्या बोलीत 'सेवेचे प्रतिनिधी', कोणाला परदेशी उपचारांची परवानगी मिळवून दे, कोणाच्या मुलाला नोकरी लावून दे. आमदाराच्या शिफारसपत्रावर प्रवेश मिळवणाऱ्या आमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको होते. पण मग त्यांनीच पुढे जे सांगितले ते मी घरी येऊन लगेच वहीत उतरवले. "आमच्या गल्लीतल्या गटाराचे झाकण तुटले, तर मी माझ्या नाइबला, म्हणजे सभेतल्या प्रतिनिधीला, फोन करून ओरडत असे. तो खोटे बोलायचा, पण फोन घ्यायचा. आता ॲपवर तक्रार करते. झाकण लवकर बसते हो, पण ओरडायला कोणी नाही."

परत निघताना दीवानियाच्या दाराशी चपलांची रांग लागलेली होती. आत दहा-बारा माणसे असावीत. आवाज मोठा होता आणि विषय फुटबॉलचा होता. भाचीला अरबी चांगली येते. तिने सांगितले की अलीकडे सगळीकडे हाच विषय असतो, कारण बरखास्तीबद्दल उघड लिहिणाऱ्या माजी सदस्यांना अटक झाल्यापासून लोक जपून बोलतात. अबलाबाईंचा मुलगा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याने आदराने दार उघडले आणि मला विचारले, "भारतात तुमच्याकडे इतक्या निवडणुका असतात, तुम्ही थकत नाही का?" मी म्हटले, "थकतो." तो समाधानाने हसला. माझे उत्तर तिथेच अपुरे राहिले, कारण गाडी मागे घ्यायची होती आणि वाटेत कोणाची तरी मोठी जीप उभी होती.

दिवस सहावा : मंगळवार, २५ फेब्रुवारी

राष्ट्रीय दिन. रात्रीचे विमान होते म्हणून दुपारी गल्फ रोडवर एक फेरी मारून येऊ असे ठरले, आणि अख्ख्या शहराने तसेच ठरवलेले असावे. गाड्यांच्या टपांवर झेंडे, खिडक्यांतून अर्धी बाहेर आलेली मुले, गालांवर रंग. थंडी बोचरी होती, स्वेटरावर शाल घेऊनही मला हुडहुडी भरली. पूर्वी या दिवशी पाण्याच्या पिचकाऱ्या आणि फेसाचे फवारे उडत. आता त्यावर दंड असल्यामुळे मुले झेंड्यांवर भागवतात, असे जावई म्हणाले.

गाडीच्या काचेतून मी भिंतींवरचे फलक पाहत होते. अमिरांची आणि युवराजांची छायाचित्रे जागोजाग होती. युवराज शेख सबाह अल-खालिद यांची निवड जून २०२४ मध्ये झाली. घटनेप्रमाणे युवराजाच्या नावाला राष्ट्रसभेची संमती घ्यावी लागते, आणि ती घेण्यासाठी सभा तेव्हा अस्तित्वात नव्हती. निवडणूक लांबली म्हणजे केवळ मतदानाचा दिवस लांबला असे मी इतकी वर्षे समजत होते आणि तसेच शिकवत आले. त्या एका दिवसावर घटनेची बाकीची किती कामे टांगलेली असतात, हे मला इथे आल्यावर नीट कळले.

संसदेसमोर वाहतूक पूर्ण थांबली. वीस मिनिटे आम्ही तिथेच होतो. इमारतीवर मोठा झेंडा सोडलेला होता आणि वाऱ्याने तो छताच्या काँक्रीटच्या पन्हळीसारखाच मध्ये फुगून पुन्हा खाली येत होता. फाटक बंद होते. शेजारच्या गाडीतली सात-आठ वर्षांची एक मुलगी खिडकीतून बाहेर वाकून मोठ्याने काहीतरी गात होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला हात केला, मग खुर्चीवर बसून थर्मासमधून चहा ओतला. भाचीने घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "मावशी, साडेपाच झाले, सामान अजून भरायचं आहे." पुढची गाडी हलली आणि जावयांनी गिअर टाकला.